मुलांच्या फुप्फुसांतील चिवट संसर्गासाठी फेज उपचार : तयारी कशी करावी

फेज म्हणजे केवळ जीवाणूंना मारणारा विषाणू. तो इतका नेमका असतो की एकाच जातीच्या जीवाणूंपैकीही काहींवरच चालतो. म्हणूनच औषधाची चौकशी करण्याआधी मुलाच्या छातीतील जीवाणू हाती असणे आवश्यक आहे.

लहान मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. अशा वेळी खारट द्रावणाची वाफ देऊन किंवा ब्राँकोस्कोपीने (श्वासनलिकेत बारीक दुर्बीण घालून) नमुना घ्यावा लागतो. कल्चरमध्ये (नमुन्यातील जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या चाचणीत) वाढलेला जीवाणू अहवालानंतर टाकून न देता ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंश सेल्सियसला गोठवून ठेवावा, अशी विनंती डॉक्टरांमार्फत प्रयोगशाळेला आधीच लेखी करावी; माझ्या मते पालकांच्या हातातले सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातून सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसांत घट्ट कफ साठवणाऱ्या जन्मजात आजाराच्या) दोन रुग्णांचे मायकोबॅक्टेरियम अबसेसस हे प्रतिजैविकांना सहसा न जुमानणारे जीवाणू अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात फेजचे अभ्यासक ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे गेले होते. त्यांपैकी फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या 15 वर्षांच्या मुलीसाठी तीन फेज सापडले (त्यांपैकी एक दक्षिण आफ्रिकेतील कुजलेल्या वांग्यावरचा होता) आणि जून 2018 पासून ते दिवसातून दोनदा शिरेतून दिल्यावर तिच्यात स्पष्ट सुधारणा झाली. दुसऱ्या रुग्णाचा मात्र योग्य फेज मिळण्याआधीच मृत्यू झाला. शोधाला वेळ लागतो, म्हणून सारे उपाय थकेपर्यंत थांबू नये.

जुळणी ताटलीवर तपासतात: जीवाणूंच्या दाट थरावर फेजचा थेंब पडला तिथे नितळ ठिपका उमटला, तर तो उपयोगी. जीवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसणारे फेज मात्र तसेच्या तसे वापरता येत नाहीत. त्या मुलीच्या तीन फेजपैकी दोन फेजमध्ये त्यासाठी जनुकीय बदल करावे लागले.

भारतात हे मंजूर औषध नाही. जिवावरच्या आजारात अमंजूर औषध आयात करण्याची परवानगी रुग्णालयाने मागायची असते, म्हणून आधीचे सर्व अहवाल आणि दिलेल्या प्रतिजैविकांची तारीखवार यादी तयार ठेवावी. बाटलीबंद 'फेज' परस्पर मागवून मुलाला मुळीच देऊ नये. नीट शुद्ध न केलेल्या द्रावणात मेलेल्या जीवाणूंचे विष उरू शकते.

उपचार चालू असताना प्रतिजैविके आणि छातीची फिजिओथेरपी डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. हॅटफुल यांच्या गटाने 2022 मध्ये मांडलेल्या 20 रुग्णांपैकी 11 जणांनाच स्पष्ट लाभ झाला. कधी जीवाणू फेजला दाद देईनासा होतो, तर कधी शरीरच फेजविरुद्ध प्रतिपिंडे (त्याला निकामी करणारी प्रथिने) तयार करते. त्यामुळे सुधारणा अडली, तर रक्ततपासणीबरोबर नवा नमुना घेऊन त्यातील जीवाणूही जपून ठेवावा.