नव्वद नव्हे, साठ : राजकीय खटल्यांच्या वकिलीत पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

माझ्या २०१६ सालच्या डायरीत एका पानावर '९०' हा आकडा लाल शाईने लिहिलेला आहे, आणि ती डायरी मी अजून टाकून दिलेली नाही. सोलापुरात पदवी घेऊन मुंबईत आल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती. राजकारण्यांची आणि त्यांच्या भोवतालच्या माणसांची प्रकरणे घेणाऱ्या एका चेंबरमध्ये मी ज्युनिअर होतो. काळा घोड्याजवळच्या सत्र न्यायालयात विशेष न्यायाधीशांसमोर कॅमेऱ्यांच्या गर्दीतून आत जायला मिळते, याचेच तेव्हा मला अप्रूप होते.

पक्षकार एका माजी लोकप्रतिनिधीचे निकटवर्तीय होते. पोलिसांनी त्यांच्यावर फसवणूक आणि भारतीय दंड संहितेचे कलम ४०९ लावले होते, आणि त्याच व्यवहारावरून सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, मनी लॉन्डरिंगचा स्वतंत्र गुन्हा नोंदवून त्यांना काही दिवसांनी पुन्हा अटक केली होती. कलम ४०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्याने पोलिसांना दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस मिळतात, हे मला पाठ होते. ईडीच्या प्रकरणाची तारीखही मी त्याच हिशेबाने लिहून टाकली. मनी लॉन्डरिंगला सर्वसाधारणपणे तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, म्हणून तिथे मुदत साठच दिवसांची, हे मला माहीत नव्हते असेही नाही. डायरीत लिहिताना मी विचारच केला नाही, एवढेच.

साठावा दिवस रविवारी आला आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी होती. मंगळवारी मी दुसऱ्या एका कामासाठी न्यायालयात गेलो, तेव्हा बाराच्या सुमारास शिरस्तेदारांच्या टेबलाशेजारी दोन पत्र्याच्या पेट्या उतरवल्या जात होत्या आणि ईडीचा कर्मचारी फिरिस्तीवर, म्हणजे कागदपत्रांच्या यादीवर, पोच घेत होता. ती आमच्याच पक्षकाराविरुद्धची तक्रार, म्हणजे ईडीचे दोषारोपपत्रच, होती. रिमांडचा पहिला दिवस धरा किंवा सोडा, त्या मंगळवारी सकाळी न्यायालय उघडल्यापासून पेट्या येईपर्यंत दोषारोपपत्र मुदतीत न आल्यास मिळणाऱ्या जामिनाचा हक्क आमचा होता, आणि त्या दीड तासात आमच्याकडून एक पानाचा अर्जही गेला नव्हता.

हा हक्क वापरला तरच टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्येच सांगितले आहे. तक्रार दाखल होण्यापूर्वी अर्ज द्यायला हवा. नंतर दिलात तर गुणवत्तेवर जामीन मागावा लागतो, आणि मनी लॉन्डरिंगमध्ये त्याचा अर्थ त्या कायद्याच्या कलम ४५ च्या दुहेरी अटी असा होतो, म्हणजे आरोपी दोषी नाही आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही असे मानायला वाजवी आधार असल्याबद्दल न्यायाधीशांचे समाधान व्हावे लागते. मुदतीच्या जामिनाला ती भिंत आड येत नाही, म्हणूनच त्याचे मोल एवढे आहे. आमच्या पक्षकारांना पुढे नियमित जामीन मिळायला आणखी अकरा महिने लागले. त्या मंगळवारी संध्याकाळी त्यांची मुलगी चेंबरमध्ये आली आणि तिने मला विचारले, "वकीलसाहेब, तुम्ही सांगितलेला नव्वदावा दिवस आता कधी येतो?" सिनियर काही बोलले नाहीत आणि मलाही बोलता आले नाही.

आता हिशेब नीट सांगतो, कारण मोजणीत आजही चुका होतात. मुदत अटकेच्या नव्हे, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून धरायची. तो पहिला दिवस मोजायचा की नाही यावर १९८६ आणि १९९५ चे निकाल परस्परविरोधी होते, आणि कपिल वाधवान प्रकरणात २७ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मोजायचा असे ठरवून वाद मिटवला. त्याच प्रकरणातले दिवस बोटांवर मोजून पाहा. रिमांड १४ मे २०२० चा, म्हणून मे महिन्याचे अठरा, जूनचे तीस आणि जुलैचे बारा, असा साठावा दिवस १२ जुलैला संपतो. मोबाइलवरील तारखा मोजणारी अ‍ॅप बहुधा पहिला दिवस सोडतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका. साठावा दिवस रविवारी आला म्हणून तपास यंत्रणेला सोमवार मिळत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याचे कलम १३ एकटे असेल तर दहा वर्षे ही कमाल शिक्षा आहे, आणि नव्वद दिवसांसाठी ती किमान असावी लागते, म्हणून तिथेही साठच दिवस. आसाम लोकसेवा आयोगाच्या माजी अध्यक्षांच्या, राकेश कुमार पॉल यांच्या प्रकरणात २०१७ मध्ये हे ठरले, आणि हा जामीन तोंडी मागितला तरी चालतो असेही त्याच निकालात बहुमताने म्हटले आहे. त्यामुळे टंकलेखक आला नाही, ही सबब उरत नाही. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८७ लागू असले तरी आकडे तेच आहेत.

एकाच माणसावर दोन यंत्रणांची प्रकरणे असतील तर दोन स्वतंत्र पाने करा. राजकीय प्रकरणांत अशी जोडी नेहमीच असते, कारण मूळ गुन्ह्याशिवाय मनी लॉन्डरिंगचा गुन्हा उभाच राहत नाही.

सिनियर निवडण्याबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. जे दूरचित्रवाणीवर रोज दिसतात, त्यांच्या चेंबरमध्ये तारखांची डायरी कोण तपासते हे आधी विचारून घ्या, कारण अनेक ठिकाणी ती कोणीच तपासत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे जामीन अर्जांचे तयार मसुदे वापरणाऱ्या ज्युनिअरकडे मी काम देत नाही. एकदा असा एक अर्ज दुसऱ्याच आरोपीच्या नावासह न्यायाधीशांसमोर गेलेला मी पाहिला आहे. त्यापेक्षा अंतुले प्रकरणाचे १९८४ आणि १९८८ चे दोन्ही निकाल सलग वाचा. माजी मुख्यमंत्र्यांचा खटला उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा स्वतःचाच आदेश सर्वोच्च न्यायालयाने चार वर्षांनी चुकीचा ठरवला, हे वाचल्यावर मोठ्या नावांची भीती थोडी कमी होते.

भीती मात्र वाटणारच. ओळखीची माणसे फोन करतात, फीचे धनादेश महिनोन्महिने येत नाहीत, आणि माझी आत्या अजूनही विचारते की त्या माणसाचा तू वकील कसा. सुरुवातीला मी तिला घटनेचे कलम २२, म्हणजे अटक झालेल्याचा वकिलाचा हक्क, समजावून सांगत असे, आता जेवण वाढ म्हणतो. काम तितके अवघड नाही, हे मी मनापासून सांगतो. आरोपी मंत्री असो की कारकून, रिमांडचा अर्ज, रोजनामा (न्यायालयाची रोजची नोंद) आणि अटकेची लेखी कारणे हीच कागदपत्रे वाचायची असतात, आणि ईडीच्या अटकेत ती लेखी कारणे मिळालीच पाहिजेत हे पंकज बन्सल प्रकरणात २०२३ मध्ये पक्के झाल्यापासून वाचायला एक चांगला कागद वाढला आहे. बुद्धीपेक्षा इथे बैठक लागते, आणि ती येते.

त्या पक्षकारांच्या मुलीने पुढे स्वतः कायद्याचे शिक्षण घेतले. मागच्या वर्षी ती आमच्या चेंबरमध्ये इंटर्न म्हणून आली, तेव्हा मी तिला दोन रिमांड आदेश दिले आणि मुदती काढायला सांगितल्या. तिने दोन पाने केली, एकावर साठ आणि दुसऱ्यावर नव्वद लिहिले, आणि माझ्याकडे न पाहता दोन्ही पाने माझ्यापुढे सरकवली.