‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड’वर प्रतिसाद लिहायचा तर

जपानी लेखक हारुकी मुराकामींच्या ‘हार्ड-बॉइल्ड वंडरलँड अँड द एंड ऑफ द वर्ल्ड’ या कादंबरीत दोन कथा आलटूनपालटून चालतात: एक टोकियोतली, दुसरी तटबंदीच्या एका गावातली, आणि प्रत्येकीला आपापला ‘मी’ निवेदक. तिच्याबद्दल वाचक बहुतेकदा दोनच गोष्टी सांगतात: ‘भन्नाट आहे’ किंवा ‘डोक्यावरून गेलं’. दोन्ही मनापासून असतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कारण प्रतिसाद पुस्तक संपल्यावर लिहिला जातो. तोवर टोकियोच्या कथेतल्या प्रोफेसरने सगळा उलगडा केलेला असतो आणि त्याआधी आपल्याला काय वाटत होतं हे आपणच विसरलेलो असतो. म्हणून लिहिणं वाचतानाच सुरू करायचं.

आधी हातातला अनुवाद कोणाचा ते बघा. मूळ जपानी कादंबरी 1985 ची, त्याच वर्षी तिला जपानचा तानिझाकी साहित्य पुरस्कार मिळाला. आल्फ्रेड बर्नबॉम यांचा इंग्रजी अनुवाद 1991 चा. जे रुबिन यांचा नवा अनुवाद 2024 चा, त्यात शीर्षकाचे दोन भागही उलटे झाले आहेत. बर्नबॉम यांनी मूळ मजकुराला बरीच कात्री लावली आहे. शिवाय तटबंदीच्या गावाची प्रकरणं वर्तमानकाळात आणि टोकियोची भूतकाळात, ही योजनाही त्यांची. मूळ जपानीत दोन्ही निवेदक ‘मी’साठी वेगवेगळे शब्द वापरतात. त्यामुळे ‘लेखकाने काळाचा सुंदर वापर केलाय’ असं लिहिलंत तर दाद भलत्याच माणसाला जाते. अनुवादकाचं नाव पहिल्याच ओळीत द्या.

प्रकरणं 40. विषम टोकियोची, सम गावाची. विषम प्रकरणांच्या शीर्षकात स्वल्पविरामाने जोडलेल्या तीन गोष्टी, सम प्रकरणांना एकच नाव. वाचन जोडीने करा आणि विषम प्रकरणावर कधीही थांबू नका. एकच धागा आवडला म्हणून तेवढाच सलग वाचून काढला तर इकडून तिकडे जाणाऱ्या वस्तू निसटतात: युनिकॉर्नची कवटी, ग्रंथालय आणि तिथली बाई, ‘डॅनी बॉय’ हे गाणं.

वहीचं पान उभं दुभागा, डावीकडे टोकियो, उजवीकडे गाव. प्रत्येक प्रकरणाला तीनच ओळी: कोणती वस्तू आली, ती कशासाठी आली असं वाटलं, आणि हे पान कुठल्या प्रकारच्या पुस्तकातलं वाटलं. पहिल्याच प्रकरणात निवेदक अशा लिफ्टमध्ये आहे जी वर जातेय की खाली हेच कळत नाही. वेळ घालवायला तो दोन्ही खिशांतली नाणी मोजतो, दोन्ही हातांनी एकाच वेळी, पण डाव्या-उजव्याचा हिशोब वेगळा ठेवून. तेव्हा तो रिकामटेकडा चाळा वाटतो. पुढे कळतं की मेंदूचे दोन भाग वेगळे चालवणं हाच त्याचा धंदा आहे आणि त्याच्या संकटाचं मूळही तिथेच आहे. ‘चाळा वाटला’ ही नोंद तशीच राहू द्या, प्रतिसादात तीच कामी येते.

24वं प्रकरण संपलं की पुस्तक मिटा. पंचविसाव्यापासून प्रोफेसर समजावून सांगू लागतो. त्याआधी पानभर लिहा: हे गाव कुठे आहे, वेशीवर सावली का कापतात, तिथे जुनी स्वप्नं वाचणारा हा निवेदक कोण. चुकीचं निघालं तरी नंतर खोडू नका. आपला अंदाज आणि प्रोफेसरचं उत्तर यांतलं अंतर हाच प्रतिसादातला सर्वात मौल्यवान भाग आहे. कित्येकांना स्वतःचं चुकीचं गावच जास्त आवडलेलं असतं. तसं असेल तर स्पष्ट लिहा.

‘अनेक प्रकारांचं मिश्रण’ एवढ्याने भागत नाही. दोन गुंड घरात घुसून सगळं फोडतात तिथे डिटेक्टिव्ह कथा आहे, मेंदूतून माहिती धुऊन काढण्याच्या कामात विज्ञानकथा, आणि द्वारपाल सुरीने सावली वेगळी करतो तिथे लोककथा. सांधा कुठे जाणवला आणि तिथे तुमचा वेग वाढला की अडखळला, ते प्रकरण क्रमांकासह सांगा. जमिनीखालच्या अंधारातला प्रवास अनेकांना लांबलेला वाटतो. ‘कंटाळा आला’ हाही चांगला प्रतिसाद आहे, फक्त कुठे ते नेमकं हवं.

दोन ठिकाणी हमखास गाडी घसरते. ‘खास जपानी गूढता’ हा शेरा इथे टिकत नाही, कारण निवेदकाच्या डोक्यात हॉलीवूडची नटी लॉरेन बकॉल, अमेरिकन गायक बॉब डिलन, रशियन लेखक तुर्गेनेव्ह आणि फ्रेंच लेखक स्तॉन्दाल भरलेले आहेत. दुसरं, प्रोफेसरच्या गुलाबी कपड्यांतल्या नातीच्या लठ्ठपणावर निवेदक जे बोलत राहतो ते अनेक वाचकांना खटकतं, आणि ते रास्त आहे. पण ‘स्त्रीचित्रण वाईट’ असा शिक्का मारण्यापेक्षा एक उतारा निवडा आणि तिथे फक्त निवेदक तसा आहे की पुस्तकही त्याच्या बाजूने उभं आहे, हे तपासा.

पुढचा परिच्छेद पुस्तक संपवलेल्यांसाठीच आहे, आणि तुमच्या लेखातही अशी सूचना द्या. ‘शेवट खुला ठेवलाय’ हे अर्धंच खरं. गावातला निर्णय स्वच्छ आहे: निवेदकाची सावली दक्षिणेच्या डोहात उडी घेते, तो स्वतः मागे राहतो. खुलं आहे ते बंदराजवळ गाडीत डिलन ऐकत झोपी जाणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं ते. सावलीचं म्हणणं दोन वाक्यांत लिहा: हे गाव परिपूर्ण वाटतं कारण माणसांची मनं काढून घेतली जातात, आणि ती वाहून नेणारी जनावरं हिवाळ्यात मरतात. मग निवेदकाचं म्हणणं दोन वाक्यांत: गाव मीच घडवलंय, जबाबदारी टाकून जाता येणार नाही. त्यानंतर तुम्ही कोणाबरोबर उभे राहिलात ते.

एकूण 400-500 शब्द पुरेत. कथानकाला त्यातले शंभरच, बाकी वहीतलं. 2023 साली मुराकामी नव्या कादंबरीत याच तटबंदीच्या गावाकडे परतले, तिचा फिलिप गॅब्रिएल यांचा इंग्रजी अनुवाद 2024 मध्ये आला. ती आधी वाचली असेल तर तसं नमूद करा, आणि तिच्यातली उत्तरं या पुस्तकाच्या तोंडी घालू नका.