विमानाची वेळ बदलली, मेसेज मात्र एजंटला

ऑगस्टमध्ये आई-बाबांचं नागपूर–मुंबई–सिंगापूर तिकीट एजंटकडून काढलं, प्रवास नोव्हेंबरचा. दिवाळीच्या गडबडीत सहज पीएनआर टाकून पाहिला आणि पोटात गोळाच आला. नागपूरचं सकाळचं विमान दुपारवर ढकललेलं, मुंबईत हातात जेमतेम 40 मिनिटं! गुडघे दुखणाऱ्या आईला इमिग्रेशन उरकून पुढचं विमान गाठणं शक्यच नव्हतं.

मेसेज आला होता, पण एजंटच्या नंबरवर. बुकिंगमध्ये माझा नंबरच नव्हता.

विमान कंपनीला फोन करून आदल्या संध्याकाळचं विमान मागितलं. बदल त्यांनीच केल्यामुळे जादा पैसे पडले नाहीत. नवं ई-तिकीट मेलवर येईपर्यंत मात्र मी फोन ठेवला नाही, कारण बुकिंगमध्ये नवी वेळ दिसली तरी तिकीट पुन्हा इश्यू झालेलं असतंच असं नाही.

आता तिकीट काढलं की त्याच दिवशी विमान कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी-हिवाळी वेळापत्रकं लागू होतात. त्याआधीचे दोन महिने दर रविवारी पीएनआर उघडून वेळ जुन्या तिकिटाशी ताडून बघते.