जंग्या नुसत्या बघू नका, तिथं बसून बघा

गडावर गेलो की बुरूज, दरवाजा, टाकं सगळं बघतो पण तटातल्या भोकांपुढून आपण सरळ चालत जातो. त्या भोकांना जंग्या म्हणतात, एक असेल तर जंगी, आणि आतला माणूस यातूनच बाहेर बघायचा न् बंदूक लावायचा. मला विचाराल तर गड कसा लढायचा ते जंगीइतकं दुसरं काही सांगत नाही, फक्त बघायची पद्धत माहीत पाहिजे.

आधी जंगी ओळखा. तटाला बरीच भोकं असतात, सगळी जंग्या नसतात. पाणी जायचं भोक अगदी जमिनीलगत असतं, बाहेरून बघितलं तर बऱ्याचदा दगडी पन्हळ पुढं आलेली दिसते. बांधकामाच्या वेळी परांचीचे वासे खोचायची भोकं चौकोनी असतात न् बहुतेक वेळा आरपार नसतात. जंगी आरपार असते, सहसा आतून रुंद न् बाहेर निमुळती होत गेलेली. म्हणजे आतल्याला बंदुकीची नळी थोडी इकडंतिकडं वळवता येते, आणि खालच्याला नेम धरायला मिळतं ते फक्त वितभर भोक.

आता मेन गोष्ट, उभं राहून वाकून बघू नका. बॅग बाजूला ठेवा आणि गुडघ्यावर बसा, डोळा जंगीच्या उंचीला आला पाहिजे. पण त्याआधी मोबाईलचा टॉर्च आत मारा, गांधीलमाशीचं पोळं, विंचू, साप काहीही असू शकतं, हात तर अजिबात घालायचा नाही. मग एक डोळा मिटून बघा नेमकं काय दिसतंय. आभाळ दिसत नाही, समोरचा डोंगर पण फारसा नाही, दिसते खालची वाट, कारण तळ बाहेरच्या बाजूला उतरता ठेवलेला असतो. तट जाड असल्यामुळे सरळ भोक पाडलं तर तटाच्या पायथ्याला आलेला माणूस दिसणारच नाही, म्हणून हा उतार. उतार किती ते कळायला हातातली काठी तळाच्या दगडाला समांतर धरा.

एकच जंगी बघून उठू नका. कितीतरी ठिकाणी एकाच जागेवरून दोन-तीन जंग्या फुटलेल्या असतात, एक सरळ, एक डावीकडं, एक उजवीकडं. तिन्हीतून बघा आणि प्रत्येकीत वाटेचा कुठला तुकडा येतो ते वहीत काढा. रायगडच्या महादरवाज्याशी हे करून बघाच, तिथले दोन बुरूज साधारण ७५ न् ६५ फूट उंच आहेत आणि वाट त्यांच्या मधून वळून आत येते. माझी भाची तिथं गुडघ्यावर बसली, जंगीला डोळा लावला आणि खालून चढणाऱ्या लोकांची डोकी मोजायला लागली, दोन मिनिटांनी म्हणाली, मामा, यांना आपण दिसतच नाही! तिला पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग बाहेर या आणि खालून तीच जंगी शोधा. सापडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपण उघड्यावर उभे असतो. हे दोन्हीकडून बघणं महत्त्वाचं आहे, एकाच बाजूनं बघितलं तर निम्मंच कळतं.

चढायला जमत नसेल तर पुण्यात शनिवारवाडा आहे. वाडा १७३२ ला पुरा झाला, तटाचा खालचा भाग दगडी न् वरचा विटांचा आहे, तिथं पण जंग्या बघता येतात.

फोटोसाठी फ्लॅश बंद, फोकस बाहेरच्या उजेडावर, म्हणजे जंगीची काळी चौकट न् मधे वाट असा छान फ्रेम येतो. आणि कुणी जंगीत चिप्सचं पाकीट नाहीतर बाटली कोंबलेली असते, मला फार वाईट वाटतं ते बघून, काठीनं आपल्या बाजूला ओढून काढा, बाहेर ढकलू नका, खाली माणसं चढत असतात.