सिनेमा एकदाच थांबवा

प्राण्यांना डांबून ठेवू नये हे मुलांना नुसतं सांगितलं, तर ‘हो हो’ म्हणून ती खेळायला पळतात. त्यापेक्षा ‘फ्री विली’ (१९९३) एकत्र बघा. टाकीत डांबलेल्या विली नावाच्या ओर्काचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मोठ्या डॉल्फिनचा, हा सिनेमा.

१. विली टाकीत नीट दिसला की सिनेमा थांबवा. त्याच्या पाठीवरचा मोठा पर एका बाजूला लोळलेला असतो. “असा का झाला असेल?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. मुलं आपणहून बोलतात. मग सांगा, समुद्रातल्या नर ओर्काचा हा पर बहुतेक वेळा ताठ उभा असतो, पूर्ण वाढला की जवळजवळ माणसाएवढा उंच.

२. पुन्हा थांबवू नका, मजा जाते.

३. नंतर खऱ्या विलीची गोष्ट सांगा. त्याचं नाव केइको. १९७९ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला, पुढे मेक्सिकोत खेळ करणारा. सिनेमा पाहून मुलांनीही त्याच्यासाठी पैसे पाठवले आणि १९९८ मध्ये तो विमानाने आइसलँडला परतला. नकाशावर बोट फिरवून प्रवास दाखवा.

जपायचं एकच: केइको समुद्रातल्या कळपात पुरता मिसळलाच नाही, २००३ मध्ये नॉर्वेत मरण पावला. हे झोपायच्या वेळी काढू नका. पण मुलांनी विचारलं तर लपवूही नका.