987654321 हातानं फोडताना

कॅल्क्युलेटर ठेवा बाजूला. अंकांची बेरीज 45, म्हणजे 9 नं भाग जातो, उरतात 109739369.

7, 11, 13 मी एका दमात तपासते, कारण तिघांचा गुणाकार 1001. लाख-कोटींचे स्वल्पविराम विसरा, सुरुवातीच्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: 321 − 654 + 987 = 654. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. सुटलो!

17 मात्र चिवट. शेवटचा अंक काढा, त्याची पाचपट उरलेल्यातून वजा करा: 10973936 − 45 = 10973891. असंच करत 1088 वर या. ते 17 × 64. 109739369 ला 17 नं भागल्यावर 6455257, पुन्हा भागा, 379721. ही मूळ संख्या; पण खात्रीसाठी 616 पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. तिथे मीही संगणक उघडते.