रोजची स्पोर्ट्स कार की ट्रॅकसाठी वेगळी गाडी: निवडताना या चुका टाळा

वेगाने गाडी चालवण्याची हौस रस्त्यावर भागवायची नाही, हे एकदा मनाशी ठरले की पुढचा प्रश्न गाडीचा येतो. रोज कार्यालयात नेता येईल आणि अधूनमधून शर्यतीच्या ट्रॅकवरही पळवता येईल अशी एकच स्पोर्ट्स कार घ्यावी, की रोजची गाडी साधी ठेवून ट्रॅकसाठी एखादी जुनी, हलकी गाडी वेगळी तयार करावी? बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर अश्वशक्तीच्या आकड्यांत शोधतात. माझ्या मते ते नकाशात आणि परतीच्या प्रवासात सापडते.

नकाशा न पाहता गाडी निवडणे

आपल्याकडे ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७१७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट १९९० पासून वापरात आहे. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे त्याहून लहान, साधारण दोन किलोमीटरचा आहे, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचा असून २०११ ते २०१३ या तीन वर्षांत तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. मावळात नाणोलीला ट्रॅक आकाराला आल्याने पुणे-मुंबईकरांना जवळची सोय होऊ लागली आहे; तरीही लांब आणि वेगवान ट्रॅकचा अनुभव हवा असेल तर आजही दक्षिणेची किंवा दिल्लीची वाट धरावी लागते.

पुण्याहून इरुंगट्टुकोट्टई साधारण साडेअकराशे किलोमीटर आहे. जाऊन-येऊन दोन हजार तीनशे. ट्रॅकवर दिवसभरात वीस-वीस मिनिटांची पाच सत्रे मिळाली आणि साध्या गाडीचा सरासरी वेग ताशी शंभरच्या आसपास धरला, तर तेथे चालणारे अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर भरते. म्हणजे ज्या सहलीला आपण ‘ट्रॅकची सहल’ म्हणतो, तिच्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक प्रवास महामार्गावर, ट्रकच्या मागे, टोलनाक्यांवर आणि गतिरोधकांवरून होतो. एकाच गाडीने दोन्ही कामे करायची असतील तर ती आधी या दोन हजार तीनशे किलोमीटरांसाठी योग्य असली पाहिजे. आसन, वातानुकूलन, सामानाची जागा आणि वाटेत मिळणारी सर्व्हिस या गोष्टी मग गौण राहत नाहीत.

वेगळी गाडी घेणाऱ्याची चूक नेमकी उलटी असते: तो ती गाडी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवतो. मग प्रत्येक वेळी गाडी लादून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचे दोन्ही बाजूंचे भाडे भरावे लागते, आणि दुसऱ्या वर्षापासून गाडी नुसती कव्हराखाली उभी राहते. वेगळी गाडी ठेवायचीच असेल तर ती चेन्नई किंवा कोइम्बतूरमध्ये, शर्यतीच्या गाड्या सांभाळणाऱ्या एखाद्या गॅरेजात ठेवावी आणि आपण रेल्वेने किंवा विमानाने जावे. अशा गॅरेजांत तयार गाडी दिवसापुरती भाड्यानेही मिळू शकते. गाडी घेण्यापूर्वी एकदा तशी चालवून पाहिली तर निम्मे गैरसमज गाठीचे पैसे न घालवता दूर होतात.

अर्धीमुर्धी गाडी तयार करणे

माझ्या पाहण्यातली सर्वांत महागडी चूक ही आहे. फोक्सवॅगन पोलो जीटी, ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन किंवा व्हर्टस जीटी यांसारखी चांगली चालणारी गाडी घेतली जाते. पहिल्या ट्रॅक डेनंतर, म्हणजे हौशी चालकांना आपली गाडी ट्रॅकवर पळवू देणाऱ्या दिवसानंतर, कडक स्प्रिंग येतात, दुसऱ्या वेळी सेमी-स्लिक (जवळपास गुळगुळीत) टायर, मग शर्यतीचे आसन, चारबिंदू हार्नेस (चार ठिकाणी बांधला जाणारा शर्यतीचा पट्टा), आणि एखाद्या उत्साही दिवशी मागची सीट काढून रोलकेज. वर्षभरात ती गाडी घरच्यांना नकोशी होते आणि ट्रॅकवर मात्र खऱ्या शर्यतीच्या गाडीच्या जवळपासही जात नाही.

यातला रोलकेज ही केवळ गैरसोयीची बाब नाही. पोलादी नळ्यांची ती चौकट हेल्मेट घातलेल्या, खोल आसनात हार्नेसने घट्ट बांधलेल्या चालकासाठी असते. रोजच्या प्रवासात डोके उघडे असते आणि साध्या पट्ट्यामुळे शरीराला हलायला जागा असते, त्यामुळे किरकोळ अपघातातही डोके नळीवर आपटून गंभीर इजा होऊ शकते. हार्नेसचेही तसेच आहे. मूळ आसनाला आणि मिळेल त्या हुकाला बांधलेला हार्नेस कंपनीच्या तीनबिंदू पट्ट्यापेक्षा सुरक्षित असतोच असे नाही. रोलकेज बसवला की ती गाडी ट्रॅकची झाली असे मानावे आणि तिने भाजी आणायला जाऊ नये.

कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात तीच भूमिका स्पष्ट केली. नंबरप्लेट असलेल्या गाडीत मोठे बदल करून ती पुण्याहून चेन्नईपर्यंत तीन-चार राज्यांतून न्यायची, हा बेत म्हणूनच कच्चा आहे.

रोजच्या गाडीत करावेत ते बदल थोडे आहेत: उच्च उत्कलनबिंदूचे ताजे ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणारे द्रव), चांगले ब्रेक पॅड (फिरत्या डिस्कला दाबून धरणारे) आणि चांगल्या प्रतीचे रस्त्याचे टायर. गाडीचे बूड खाली आणण्याचा मोह आवरावा. स्प्रिंगला दबायला जागाच उरली नाही तर गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या अडसरावर, टेकते आणि वळणाच्या मध्यावर चाकाची पकड अचानक सुटते. शिवाय आपल्याकडच्या गतिरोधकांवर पुढचा बंपर घासतो तो वेगळाच. सेमी-स्लिक टायर कोरड्या ट्रॅकवर सुंदर पकड देतात, पण त्यांच्या उथळ खाचांतून पाणी पुरेसे निघत नाही, म्हणून जुलैत खंबाटकी घाट उतरताना ते चाकांवर नसावेत.

इंजिनावर खर्च करून ब्रेक विसरणे

चालकासह तेराशे किलो वजनाची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणताना सुमारे ९६० किलोज्यूल ऊर्जा कमी करावी लागते, आणि तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन ब्रेकमध्ये जातो. तीन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच उष्णता लागते. इथे ती तीन-चार सेकंदांत निर्माण होते, आणि एका फेरीत असे प्रसंग अनेकदा येतात. ट्रॅकसाठी जुनी हलकी गाडी बरी म्हणतात त्यामागे हेच गणित आहे: आठशे-नऊशे किलोच्या गाडीत ब्रेक, टायर आणि खिसा हे तिन्ही कमी झिजतात.

ब्रेक साथ सोडतात तेव्हा ते दोन वेगळ्या प्रकारे सोडतात, आणि हा फरक ओळखता आला पाहिजे. पेडल नेहमीसारखे कडक आहे, पण दाबूनही गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेले आहेत. पेडल मऊ पडून खालपर्यंत जात असेल, तर फ्लुइड उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. पहिल्या दोषावर पॅड बदलणे हा उपाय आहे. दुसऱ्यावर पॅड कितीही महागडे घेतले तरी उपयोग होत नाही. डॉट ४ प्रकारच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतील ओलावा शोषत जाते आणि पुरेसे पाणी मुरले की हा आकडा १५५ पर्यंत उतरतो. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेले फ्लुइड घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. मी स्वतः ही चूक केली आहे. चौथ्या फेरीत पेडल पायाखालून गेले, दोन-तीनदा झपाझप दाबल्यावर थोडा दाब परत आला आणि मी कसाबसा ट्रॅकबाहेरच्या खडीत जाण्यापासून वाचलो. त्या फ्लुइडचा रंग नंतर कोऱ्या चहासारखा निघाला.

याच्या उलट, निव्वळ शर्यतीचे पॅड रोजच्या गाडीत कायम ठेवणेही चुकीचे आहे. थंड असताना ते नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. सकाळी पहिल्याच सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते. एकच गाडी असेल तर पॅडचा दुसरा संच डिकीत न्यावा, तेथे बदलावा आणि निघण्यापूर्वी पुन्हा बदलावा. सत्र संपल्यावर एक फेरी ब्रेकला शक्यतो हात न लावता हळू मारावी, आणि गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये; गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावावी. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की त्याचा थर डिस्कवर बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना थरथर जाणवते, जिला अनेकजण डिस्क वाकल्याचे लक्षण समजतात.

टायरचा दाबही सत्र संपताच, टायर गरम असताना मोजावा. थंड टायरमध्ये ३२ पीएसआय भरलेला दाब काही फेऱ्यांत चार-सहा अंकांनी चढतो आणि गाडी घसरू लागते. पुष्कळांना तो सस्पेन्शनचा दोष वाटतो.

विमा गृहीत धरणे

खासगी गाडीच्या नेहमीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि त्यांत संघटित शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. आयोजकाने कार्यक्रमाला ‘चालक प्रशिक्षण’ असे नाव दिले म्हणून कंपनी भरपाई देईलच, या भरवशावर राहू नये. लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. तेव्हा निवडीची खरी कसोटी सरळ आहे. हप्ते चालू असलेली गाडी उद्या भिंतीला लागली, तर पुढचे हप्ते भरत-भरत रोज रिक्षाने जाणे परवडेल का? उत्तर नाही असे येत असेल, तर गाडी कितीही आवडती असो, ती ट्रॅकवर नेऊ नये.

वेगळ्या गाडीच्या बाबतीत फसगत किमतीत होते. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आलेली जुनी होंडा सिटी किंवा स्विफ्ट स्वस्तात मिळते, परंतु तिचे जुने रबरी बुश, रेडिएटर, होज, क्लच आणि बेअरिंग बदलल्याशिवाय ती दिवस काढत नाही. खरेदीला जेवढे पैसे लागतील जवळपास तेवढेच दुरुस्तीला बाजूला ठेवावेत. शर्यतीत उतरण्याचा विचार असेल, तर रोलकेज बनवण्यापूर्वीच एफएमएससीआय या देशातील मोटारशर्यतींच्या नियामक संस्थेची त्या वर्षीची नियमावली वाचावी, नाहीतर केलेले वेल्डिंग कापून पुन्हा करावे लागते.

माझा कौल विचाराल, तर वर्षातून एक-दोन दिवसच जमणार असतील त्यांनी रोजची गाडी जवळपास मूळ स्थितीत ठेवावी आणि ब्रेकवर खर्च करावा. चार-पाच दिवस नियमाने जमू लागले, आणि सलग दोन वर्षे जमले, की मगच वेगळी गाडी शोधायला लागावे. तोपर्यंत मूळ गाडीतून काढलेला प्रत्येक स्प्रिंग आणि पॅड खोक्यात नाव घालून माळ्यावर ठेवावा, कारण विकताना गिऱ्हाईक सर्वांत आधी तेच विचारते.